सर्च रिपोर्ट स्वच्छ, फ्लॅटवर मात्र नोटीस

भाड्याने द्यायला रिसेल फ्लॅट घेताय? मग वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढा, बाकी काही बघायला नको, असं एजंट छातीठोकपणे सांगतात. या सेवेला आमचे ५ पैकी ३ गुण. मालकी आणि नोंदवलेला बोजा ती नीट दाखवते. फ्लॅटमधल्या अनधिकृत बांधकामाबद्दल मात्र अवाक्षर नाही.

सर्च होतो तो दुय्यम निबंधकाकडच्या नोंदींचा: इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सारांश), गहाणखत, बक्षीसपत्र. महापालिकेची नोटीस, मग ती एमआरटीपीच्या (राज्याच्या नगररचना कायद्याच्या) कलम ५३ची असो वा मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३५१ची, वॉर्ड ऑफिसच्या फायलीत पडून असते. खरेदीखत झालं की ते लचांड तुमच्या गळ्यात. घरपट्टीची पावती दाखवून विक्रेता निश्चिंत करू पाहील, पण कर अनधिकृत बांधकामावरही लागतो. ‘कोर्टाचा स्टे आहे’ हेही तसंच. स्टे म्हणजे कारवाई थांबली, बांधकाम कायदेशीर झालं असं नव्हे.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये नेहमीचा प्रकार म्हणजे टू बीएचकेचे दोन वन आरके. मंजूर नकाशा हातात धरून आत फिरा. बेडरूमच्या छतातून मध्येच बीम उतरलाय आणि त्याच्या बरोबर खाली टाइल्सची रांग बदलली आहे? बाल्कनी आत घेतलेली आहे. नवा संडास सहा-आठ इंच चढून जावा लागतो? तिथे मुळात खोलगट स्लॅब नव्हता. पाइपाला उतार मिळावा म्हणून विटांचे तुकडे भरून जमीन उचलली. स्लॅबवर वजन वाढलं, आणि वॉटरप्रूफिंग कच्चं असेल तर खालच्याच्या स्वयंपाकघरात गळती. पुष्कळदा तक्रार तिथूनच सुरू होते. दुसऱ्या सिंकचं पाणी कुठे जातं तेही डक्टमध्ये डोकावून बघा. पावसाच्या पाइपात सोडलेलं आढळेल.

टोकन देण्याआधी वॉर्डात माहिती अधिकाराचा अर्ज टाका, मुंबईत इमारत व कारखाने विभागाकडे. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘या मिळकतीवरील नोटिसा, त्यावरील आदेश आणि मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्राच्या प्रती’ एवढं नेमकं मागा. सोसायटीच्या सेक्रेटरीलाही फाइल दाखवायला सांगा; नोटिशीची प्रत बऱ्याचदा तिथे सापडते. शिवाय एखादा आर्किटेक्ट नेऊन नकाशाबरहुकूम मोजमाप करून घ्या.

नोटीस निघालीच आणि तरी घ्यायचं असेल, तर ती निकाली निघेपर्यंत किमतीचा काही भाग रोखून ठेवण्याचं कलम करारात घाला. नुसत्या हमीपत्रावर विसंबू नका; विक्रेता परदेशी गेला तर वसुली कुणाकडून करणार? एजंट दोन भाड्यांवर परतावा मोजून दाखवेल. तुम्ही एकाच भाड्यावर मोजा आणि मूळ नकाशाप्रमाणे फ्लॅट पूर्ववत करण्याचा खर्च किमतीतून वजा करा.