दोन दट्ट्यांचं मॉडेल: काही महिने वापरल्यावर

ओमर हरिकेन आणि लिव्हरमोर प्रयोगशाळेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलेलं हे मॉडेल गेले काही महिने जवळजवळ रोज वापरतोय. लेझर फ्यूजनमध्ये हायड्रोजनच्या इंधनाची जेमतेम २ मिलिमीटरची गोळी लेझरच्या जोरावर दाबून अणुकेंद्रं जुळवतात. ती सगळीकडून सारखी दाबली गेली नाही, एक बाजू जड राहिली, तर उत्पन्न (फ्यूजनमधून मिळणारी ऊर्जा) किती घटतं, एवढंच ते सांगतं. गोळीचं कवच म्हणजे समोरासमोर धावणारे दोन दट्टे, एक जड, एक हलका. बस्स.

मोजलेल्या आकड्यांचा अर्थ लावायला झकास आहे. पुढच्या शॉटचं, म्हणजे लेझरच्या पुढच्या माऱ्याचं, भाकीत मात्र यावर करू नये.

दोन्ही वस्तुमानांतला फरक भागिले बेरीज, हा 'एफ'. कवच सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने आत येतं. त्याला एफने गुणलं की मधला तप्त भाग किती वेगाने एका बाजूला सरकेल ते कळतं. चिमटीतून लिंबाची बी सटकते ना, तसंच. आणि हा वेग खरोखर मोजता येतो, कारण फ्यूजनमधून सुटणारे १४.१ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे न्यूट्रॉन वेगवेगळ्या दिशांच्या डिटेक्टरांवर किंचित मागेपुढे पोचतात. समजा तो सेकंदाला १०० किलोमीटर निघाला. एफ झाला ०.२५, आणि वाया गेलेली गतिज ऊर्जा त्याचा वर्ग, म्हणजे सव्वासहा टक्के.

इथे नवखा माणूस निवांत होतो. सहा टक्क्यांनी काय होतंय! पण तप्त भागातला दाब ऊर्जेच्या अडीचाव्या घाताने बदलतो, म्हणजे तो १५ टक्के गेला. ४-५ केईव्हीच्या (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, इथे तापमानाचं माप) आसपास फ्यूजनचा दर तापमानाच्या साधारण चौथ्या घाताने पडतो. आकारमान आणि दाबून धरण्याचा वेळ थोडे वाढतात, ते जमेला धरूनही माझ्या हिशेबात उत्पन्न चतुर्थांशाने घटतं. यात अल्फा कणांची, म्हणजे फ्यूजनमधूनच निघून इंधन आणखी तापवणाऱ्या हेलियमच्या केंद्रांची, ऊब धरलेलीच नाही. इग्निशनच्या (या उबेवर फ्यूजन स्वतःच भडकण्याच्या) उंबरठ्यावरच्या शॉटमध्ये ती धरली, तर फटका याहून बराच मोठा बसतो.

आता तक्रारी. दट्टे सपाट, गोळी गोल. कवचाच्या जाडीत कोसाइनसारखा १० टक्के चढउतार धरा, एका टोकाला जाड, समोरच्या टोकाला पातळ: दोन अर्ध्या गोलांच्या वस्तुमानांवरून एफ ५ टक्के येतो, पण संवेगाची (वस्तुमान गुणिले वेग, दिशेसकट) बेरीज केली की फक्त ३.३. कुठला घ्यायचा हे मॉडेल आपणहून विचारत नाही. शिवाय कारखान्यातून आलेल्या गोळीची जाडी टाकून उपयोग नाही. आत येताना हा फरक वाढत जातो, तेव्हा एफ लागतो तो ऐन वेगातल्या कवचाचा.

गोळी भाकरीसारखी चपटी झाली, तर दोन्ही बाजू तोलामोलाच्या, सरकणं शून्य, मॉडेल म्हणणार सगळं आलबेल! इंधन भरायच्या बारीक नळीमुळे इंधनात होणारी भेसळ, बारीक सुरकुत्या, यांचंही तेच. त्यासाठी हायड्रासारखा, गोळीचं दाबलं जाणं दोन-तीन मितींत गणित करून दाखवणारा संगणकीय कोड हवा, आणि त्याला महासंगणकावर वेळ मिळायला हवा. मला तो मिळेपर्यंत संशयास्पद शॉट वेगळे काढायचं काम लॅपटॉपवर हेच करतं. अर्थ विचारणारे सीनियर असले तर एफ कुठून घेतला ते शेजारच्या रकान्यात लिहून ठेवा.