‘९० दिवसांत बोलेल’ असं सांगणाऱ्या सेंटरबद्दल

ठाण्यातल्या एका चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरने मुलाला बोलतं करण्याच्या थेरपीसाठी आमच्याकडून १ लाख ८४ हजार रुपये घेतले, तेही आमच्या नावावर काढलेल्या कर्जातून. प्रकरण ग्राहक आयोगात आहे म्हणून सेंटरचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सगळी लिहिते, कारण वेगवेगळ्या पाट्यांखाली असंच डोंबिवलीत, पुण्यात, नाशकात चालू असल्याचं इतर आई-बाबांकडून ऐकते आहे.

मुलगा तेव्हा सव्वादोन वर्षांचा होता. हाक मारली तर वळून बघायचा नाही. काही हवं असलं की बोट दाखवण्याऐवजी माझा हात धरून डब्यापर्यंत न्यायचा आणि माझाच हात झाकणावर ठेवायचा. शब्द म्हणाल तर ‘पापा’ एवढाच, तोही कुणाला उद्देशून नाही. सासूबाई म्हणायच्या, “अगं, याचा बाबासुद्धा उशिराच बोलला.” बालरोगतज्ज्ञांनी मात्र एम-चॅट, म्हणजे ऑटिझमची (स्वमग्नतेची) शंका आहे का हे पाहणारी प्रश्नावली भरून घेतली. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असलेले ते २० हो-नाही प्रश्न. त्यावरून निदान होत नाही, पुढे नीट तपासायला हवं की नको एवढंच कळतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि डेव्हलपमेंटल पेडिॲट्रिशियनकडे, म्हणजे मुलांच्या विकासातल्या अडचणी पाहणाऱ्या डॉक्टरांकडे, चिठ्ठी दिली. तिथली तारीख मिळाली दोन महिन्यांनंतरची.

ही सेंटरं गाठतात ती नेमकी त्या मधल्या दिवसांत. रात्री मूल झोपल्यावर तुम्ही फोनवर ‘मूल बोलत नाही’ असं शोधता आणि सकाळपासून जाहिराती दिसायला लागतात.

पहिल्या भेटीत ‘ब्रेन मॅपिंग’ झालं. डोक्याला टोपी लावून मेंदूचे लाल-निळे नकाशे काढले आणि लाल भागावर पेन टेकवून मॅडम म्हणाल्या, “इथे ब्लॉक आहे. पण काळजी करू नका, हा खरा ऑटिझम नाही. हा व्हर्च्युअल ऑटिझम आहे, मोबाइलमुळे झालेला. ९० दिवसांत रिव्हर्स होतो.” त्या नकाशाचे वेगळे साडेसहा हजार.

पुढे खऱ्या डॉक्टरांकडून कळलं ते आधी सांगते. ऑटिझमचं निदान मुलाचं वागणं पाहून आणि घरच्यांकडून सगळा इतिहास ऐकून होतं, रंगीत नकाशावरून नाही. फिटची शंका असेल तर डॉक्टर ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी सांगतात, ते वेगळं. आणि ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हे नाव २०१८च्या सुमारास रुमानियातल्या एका मानसशास्त्रज्ञाने पुढे आणलं; डॉक्टर ज्या डीएसएम-५ किंवा आयसीडी-११ या आजारांच्या याद्यांवरून निदान करतात, त्यांत असा आजारच नाही. स्क्रीन कमी करावाच, जागतिक आरोग्य संघटनाही २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको म्हणते. पण टीव्ही बंद केला की ऑटिझम जातो, हे विकण्यासाठी रचलेलं वाक्य आहे. त्यात आईच्या माथी दोष येतो आणि त्याच दमात सुटकाही दाखवली जाते. पावतीवर सही करायला याहून जास्त काही लागत नाही.

न बोलणाऱ्या मुलाची सगळ्यात आधी श्रवण चाचणी व्हायला हवी. मेंदूचा नकाशा काढणाऱ्यांनी कानांचा विषयच काढला नाही.

आता पैशांचं. “एकदम भरायची गरज नाही, झिरो कॉस्ट ईएमआय आहे,” म्हणत त्यांनी टॅब पुढे केला. आधार, पॅन, सेल्फी, ओटीपी. आम्हाला वाटलं आपण फीचे हप्ते पाडून घेतोय. प्रत्यक्षात एका फायनान्स कंपनीने आमच्या नावे कर्ज काढून सगळी रक्कम त्याच आठवड्यात सेंटरला दिली होती. म्हणजे थेरपी बंद केली तरी हप्ता चालू, आणि हप्ता थांबवला तर सिबिल आमचा खराब. सेंटरला त्या दिवसानंतर आमच्या मुलाला शिकवण्याची तशी काही निकडच उरली नाही. डिजिटल कर्ज देताना सगळ्या अटी एका कागदावर द्यायच्या आणि माघार घ्यायला मुदत ठेवायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२पासूनचा नियम आहे. तो कागद आम्हाला ईमेलवर आला होता, जाहिरातींच्या ढिगात.

थेरपी बंद दाराआड चालायची. “आई समोर असली की मूल मॅनिप्युलेट करतं,” असं सांगून मला रिसेप्शनला बसवायचे. तिथे सीसीटीव्हीचा पडदा, आवाज नसलेला. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर वीस-पंचवीस सेकंदांचा व्हिडिओ यायचा: कार्ड समोर, मुलगा ‘ॲपल’ म्हणतो, तोंडात चिप्सचा तुकडा, क्लिप संपली. नातेवाइकांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरायचा, आत्या बदामाचे इमोजी पाठवायच्या. घरी मात्र खरं सफरचंद समोर ठेवलं तरी तो मुका. ‘ॲपल’ हा त्याच्या दृष्टीने चिप्स मिळवण्याचा आवाज होता.

सगळं उघडं पडलं ते रिपोर्टमुळे. दर महिन्याला आलेख असलेली फाइल मिळायची: आय कॉन्टॅक्ट इतके टक्के, सिटिंग टॉलरन्स (एका जागी बसणं) इतके टक्के. रिसेप्शनमध्ये शेजारी बसणाऱ्या एका आईने तिची फाइल दाखवली. दोघींचे आकडे सारखे. माझ्या फाइलमध्ये तिसऱ्या पानावर भलत्याच मुलीचं नाव होतं, ‘शी इज रिस्पॉन्डिंग वेल’. खाली ‘सीनियर थेरपिस्ट’ म्हणून जिची सही, ती मुलगी रिक्षाच्या रांगेत भेटली तेव्हा स्वतःच बोलली. बीकॉम झालेली, सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स, पगार अकरा हजार. मला तिचा राग नाही आला. तीही तिथे फसलेलीच होती.

स्पीच थेरपिस्ट किंवा विशेष शिक्षक म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंद आरसीआयकडे नसते, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात वेगळी परिषद आहे. हा फरक सेंटरवाले गोंधळ घालायला वापरतात, म्हणून सांगितलं. नोंदणी नसताना काम केल्यास १९९२च्या आरसीआय कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. दंड किती? जास्तीत जास्त हजार रुपये. आमच्या पॅकेजमधल्या एका सेशनची फी त्याहून जास्त होती.

जाब विचारायला गेलो तर चहा आला. मग डायरेक्टर सर म्हणाले की मूल ‘रेझिस्टंट’ आहे, आता ‘लेव्हल टू’ लागेल: ओळखीच्या हॉस्पिटलात स्टेम सेलची (मूळपेशींची) इंजेक्शनं. खर्च काही लाख. आमच्या ह्यांनी तिथेच फोनवर शोधून त्यांच्यापुढे धरलं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ऑटिझमसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, आणि डिसेंबर २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानेही त्याची शिफारस करता येत नाही असं म्हटलंय. सर म्हणाले, “गूगल वाचून मूल बरं होत नसतं.”

आम्ही तिथे जाणं बंद केलं. बदलापूरहून दादर, तिथून वांद्रे, अशी लोकलची वारी करत ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी असलेल्या अली यावर जंग या सरकारी संस्थेत गेलो. आधी ऐकण्याची बेरा टेस्ट झाली, कान ठीक निघाले. मग स्पीच थेरपिस्टने दार लोटून घेतलं आणि मला आत, जमिनीवर, मुलासमोर बसवलं. हातात साबणाच्या फुग्यांची बाटली दिली. “फुंका. आता झाकण लावा आणि गप्प बसा.” मी लगेच ‘अजून हवं? बोल, अजून!’ सुरू केलं तर म्हणाल्या, “ताई, थांबा.” बराच वेळ गेला. मुलाने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, परत बाटलीकडे. त्या म्हणाल्या, “हे. शब्दाच्या आधी हे यायला हवं.” वस्तूकडे आणि माणसाकडे मिळून बघणं. लहान मुलांसाठीच्या नावाजलेल्या पद्धती, डेन्व्हर मॉडेल असो वा जॅस्पर, खेळातून आणि रोजच्या कामांतून हेच वाढवतात. आणि घरचं माणूस शिकलं तर ते आठवड्यातल्या दोन सेशनांपुरतं राहत नाही. आंघोळीला, वरणभाताला, जिन्यावर, दिवसभर चालू राहतं.

हे फक्त महागड्या तज्ज्ञांनाच जमतं असंही नाही. २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त गोवा आणि रावळपिंडी इथला अभ्यास छापून आला. ६५ मुलं होती. प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते आई-वडिलांना मुलासोबत खेळतानाचे त्यांचेच व्हिडिओ दाखवून, कुठे थांबायचं, मुलाच्या मागे कसं जायचं ते शिकवत. त्यानंतर आई-वडील मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुलंही आपणहून जास्त संवाद साधू लागली. व्हिडिओ तिथेही होते, पण आई-वडिलांना शिकवण्यासाठी. आमच्याकडे आले ते गप्प ठेवायला.

मुलगा आता चारच्या घरात आहे. ‘पाणी दे’, ‘आई ये’ अशी दोन शब्दांची वाक्यं बोलतो. ऑटिझम आहे आणि राहील, निदान रीतसर झालंय. तुमच्या जवळपास अशी संस्था नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी आहे का विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली ही केंद्रं आहेत, तपासणी आणि थेरपी मोफत. अंगणवाडीतूनही तिथे पाठवतात.

पैशांबाबत कुणाला उपयोग होईल म्हणून: ‘फी परत मिळणार नाही’ असं पावतीवर छापलं की विषय संपतो असं नाही. आम्ही आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा आयोगात. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. फायनान्स कंपनीला लेखी कळवलं, तीस दिवसांत धड उत्तर आलं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही गेलो. हप्ते अजून जाताहेत. त्या व्हिडिओंची आणि भलत्या नावाच्या रिपोर्टची प्रत आम्ही जपून ठेवलीय, वकील म्हणतात तोच सगळ्यात पक्का पुरावा.

सेंटरची पाटी मध्यंतरी बदलली. जाहिरातीत आता ‘असेसमेंट फक्त ९९ रुपये’ असतं. माझ्या मावसबहिणीने चौकशीला फोन लावून पाहिला. पलीकडच्या मॅडमनी आधी मुलाचं वय विचारलं, आणि लगेच पुढचा प्रश्न: दोघंही सॅलरीड आहात का?