चुनखडीच्या मातीतल्या लिंबाला ईडीडीएचए लोह: आंबे बहार ते दिवाळी वापरल्यावर

मिरजेच्या बाजूची भारी काळी माती, सामू (पीएच) ८ च्या वर, हातभर खाली पांढरी चुनखडी आणि वरून बोअरचे जड पाणी. अशा अंगणातल्या फुले शरबती लिंबांना ६ टक्के लोहाचे ईडीडीएचए चिलेट (लोहाला धरून ठेवून मुळांना मिळेल असे विरघळलेले ठेवणारे संयुग) आंबे बहाराआधीपासून, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याआधीपासून, दिवाळीपर्यंत दिले. औषध म्हणून पास. जमीन सुधारेल म्हणून घ्याल तर पैसे वाया.

आधी दुखणे तेच आहे ना, ते बघा. लोह कमी पडले की शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरांची हिरवी जाळी उठून दिसते. खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण उरून बाकीचे पान पिवळे असेल तर मॅग्नेशियम. या दोन्हींवर हे चिलेट कितीही ओता, उपयोग नाही.

फसगत खरेदीतच होते. "१२ टक्के लोह, तेही स्वस्तात" म्हणून जे पुढे करतात ते ईडीटीए, दुसऱ्या जातीचे चिलेट. टक्का दुप्पट, पण सामू साडेसहाच्या वर गेला की ते मातीत लोह धरून ठेवत नाही. चुन्यातले कॅल्शियम त्याची जागा घेते आणि सुटलेले लोह गंजासारखे बसून राहते. डीटीपीए हे तिसरे चिलेट साडेसातपर्यंत तग धरते. आपल्याकडे ईडीडीएचएच लागते. लेबलवर 'ऑर्थो-ऑर्थो' (लोह घट्ट धरणारा प्रकार) किती टक्के ते वाचा; तो आकडा जितका मोठा, तितके ते चुनखडीत जास्त टिकते. द्राक्षबागांमुळे तासगाव-मिरजेच्या कृषी सेवा केंद्रांत सहज मिळते. पाण्यात टाकल्यावर कोकम सरबतासारखा गडद लाल रंग यायला हवा.

तीन-चार वर्षांच्या झाडाला २० ते २५ ग्रॅम, फळावरच्या मोठ्या झाडाला ४० ते ५० ग्रॅम. १० लिटर पाण्यात विरघळवायचे, आळे आधी ओले करून घ्यायचे, आणि खोडाला चिकटून न ओतता फांद्यांच्या सावलीच्या कडेला, जिथे पांढरी मुळे असतात, तिथे द्यायचे. उन्हात हे चिलेट मोडते. म्हणून संध्याकाळी द्या, वर लगेच माती किंवा पाचट ओढा. वेळ नवी पालवी फुटण्याच्या तोंडावरची. दोन-तीन आठवड्यांत नवी पाने हिरवी निघतात. आधीची अगदी पांढरट झालेली पाने मात्र पूर्ण सुधारत नाहीत, त्यांच्याकडे बघून दुसरा डोस देऊ नका.

पावसाळ्यात गुण कमी दिसला. कारण सरळ आहे: काळ्या मातीत पाणी तुंबले की मुळांना हवा मिळत नाही, मातीत बायकार्बोनेट वाढते आणि समोर लोह असूनही झाड ते उचलत नाही. तिथे आणखी चिलेट नको, चर काढा. नवीन रोप लावणार असाल तर वीतभर तरी उंच गादीवर लावा.

"गंधक टाका, सामू उतरेल" हा सल्ला इथे हमखास मिळतो. हिशेब करा. १ किलो चुना मारायला साधारण ३२० ग्रॅम गंधक लागते. १ चौरस मीटर, फूटभर खोल मातीचे वजन ४०० किलोच्या आसपास. त्यात ५ टक्के चुनखडी म्हणजे २० किलो. गंधक झाले सहा किलोंच्या वर, एका मीटरला! आळ्याच्या कडेला एखाद्या पट्ट्यात शेणखतात मिसळून थोडे दिले तर तेवढ्या जागी मुळांना फायदा होतो, एवढेच. जिप्सम तर चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीसाठी. चुनखडीचा सामू त्याने उतरत नाही.

हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकली तर चुन्यात अडकून लगेच निकामी होते. फवारणीला मात्र चांगली, आणि स्वस्तही: लिटरला ५ ग्रॅम हिराकस, १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, ऊन उतरल्यावर. पाने बारीक राहून शिरांमध्ये पिवळे चट्टे पडत असतील तर जस्तही कमी आहे. त्याला लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम विरलेला चुना, वेगळ्या दिवशी.

नत्रासाठी अमोनियम सल्फेट बरे. डीएपी या स्फुरदाच्या खताचा मारा नको, जास्तीच्या स्फुरदाने लोह आणि जस्त दोन्ही अडतात. आणि चुलीची राख, अंड्याची टरफले लिंबाच्या बुडात टाकणे आधी थांबवा; तो चुनाच आहे.

तक्रार एकच: डाग. फरशीवर सांडले तर लाल ठसा घासून निघत नाही. हातमोजे घाला, आणि उघडलेली पिशवी घट्ट बांधून काळोख्या जागी ठेवा.