पट्टराणी गादी बळकावते तेव्हा: ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा सहावा सीझन, ब्लू-रे संच

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या सहाव्या सीझनचे दहा भाग ब्लू-रेवर सलग पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या संचाची किंमत शेवटच्या एका भागातच वसूल होते. २६ जून २०१६ रोजी प्रथम प्रसारित झालेल्या या भागात सर्सी लॅनिस्टर स्वतः लोहसिंहासनावर बसते. ती रॉबर्ट बराथियन या राजाची पट्टराणी; गादीवर तिचा स्वतःचा हक्क कधीच नव्हता. तिची सारी सत्ता आधी नवऱ्याच्या आणि पुढे जॉफ्री व टॉमेन या मुलांच्या नावावर चालत आली. धाकटा टॉमेनही गेल्यावर वारसा म्हणून सांगण्यासारखे तिच्याजवळ काहीच उरत नाही, आणि नेमक्या त्याच दिवशी ती राज्य हाती घेते.

हे कसे घडते, ते दिग्दर्शक मिगेल सापॉश्निक यांनी फार संयमाने दाखवले आहे. सर्सीवरच्या खटल्याच्या दिवशी सकाळी सर्व जण तयार होत असतात. महामंदिरात धर्मगुरू, सरदार आणि टॉमेनची पत्नी मार्जरी राणी जमतात, पण आरोपी सर्सी मात्र महालातून हलतच नाही. संवाद अगदी मोजके आहेत. संगीतकार रमीन जावादी यांनी या मालिकेत तोवर न वापरलेला पियानो इथे आणला आहे आणि त्याचे सुटे, सावकाश सूर ऐकूनच काहीतरी भयंकर घडणार याची खात्री पटते. मंदिराखाली साठवलेल्या हिरव्या आगीचा भडका उडतो आणि सर्सीला विरोध करू शकणारे राजधानीतले जवळजवळ सगळे एका क्षणात नाहीसे होतात. हक्क सिद्ध करण्याची गरजच उरत नाही, कारण हरकत घेणारा कोणी उरलेला नसतो. गादी बळकावण्याचे इतके नेमके चित्रण मी तरी दुसरीकडे पाहिलेले नाही.

त्यानंतरचे टॉमेनचे दृश्य मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते. तो चौकटीबाहेर जातो, मुकुट काढून ठेवतो, परत येतो आणि खिडकीवर चढून खाली झेपावतो. कॅमेरा मात्र जागचा हलत नाही. आई त्याच्या मृतदेहाकडे पाहते आणि त्याला जाळून जिथे मंदिर उभे होते तिथे त्याची राख पुरायला सांगते. सर्सीची भूमिका करणाऱ्या लीना हेडी यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी रडू नाही, आणि त्यामुळेच ते दुःख अधिक खोल जाते. राज्याभिषेकाच्या वेळी तिच्या अंगावर काळा पोशाख आणि खांद्यांवर चांदीचे काम आहे. मुलांच्या मुकुटांत बराथियन घराण्याची सांबरशिंगे होती, तिच्या मुकुटात ती नाहीत. नवऱ्याचे घराणे तिने तिथेच मागे टाकले आहे.

एक उणीव मात्र मनाला लागते. पाचव्या सीझनमध्ये याच शहरातल्या गर्दीने तिची विटंबना केली होती, आणि त्याच शहराचे मंदिर तिने उद्ध्वस्त केले. तरीही सामान्य लोकांचा संताप किंवा भीती पुढे जवळपास दिसतच नाही. मूळ कादंबऱ्यांचे प्रकाशित खंड या घटनेपर्यंत पोहोचलेले नसल्यामुळे लेखकांना इथे पूर्ण मोकळीक होती, म्हणून ही कसर अधिक जाणवते.

संचातील ध्वनी सभोवार आवाज ऐकवणाऱ्या डॉल्बी अ‍ॅटमॉसमध्ये आहे. पियानोमागून हळूहळू वर चढणारा ऑर्गन ऐकण्यासाठी चांगले स्पीकर किंवा निदान चांगले हेडफोन वापरावेत. टीव्हीच्या स्वतःच्या आवाजात हा प्रसंग अर्धाच पोहोचतो. पात्रांच्याच आवाजात इतिहास सांगणाऱ्या छोट्या चित्रफितीही जरूर पाहाव्यात. आधीचे पाच सीझन न पाहिलेल्यांनी मात्र सुरुवात इथून करू नये, कारण सर्सीने काय काय सोसले आणि काय काय केले हे ठाऊक असल्याशिवाय तिचे सिंहासनाकडे चालत जाणे नीट कळत नाही.