लेझर अलाइनमेंट किट सहा महिने वापरल्यावर: पुढचे टायर खाणारा ॲक्सल मागे सापडला

आमच्याकडे जड ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रेलरचं (इथे ट्रॅक्टर म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) मेंटेनन्स असतं, सहा महिन्यांपूर्वी चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) स्केल टांगून चाकांची अलाइनमेंट मोजायचं लेझर किट घेतलं. ब्रँड लिहीत नाही कारण या पद्धतीची किट बरेच जण बनवतात आणि मला जे सांगायचंय ते पद्धतीबद्दल आहे. याआधी आम्ही टो बार (मोजायची दांडी) लावायचो, पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकांची तोंडं पुढून आत वळलीत की बाहेर ते बघायचो, दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड फिरवायचा आणि झाली अलाइनमेंट. किती टायर फुकट घालवले असतील असं आता वाटतं.

किटमध्ये दोन लेझर हेड, ते रिमला धरणारे क्लॅम्प, चेसिसच्या पुढे-मागे टांगायच्या स्केल (आपोआप चेसिसच्या मध्यावर येतात), पुढच्या चाकांखाली ठेवायच्या फिरत्या प्लेट आणि कॅस्टर-कॅम्बरसाठी (किंगपिन पुढे-मागे आणि चाक आत-बाहेर किती कललंय त्यासाठी; किंगपिन म्हणजे ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती) अँगल मोजायचं यंत्र. मुख्य गोष्ट ही की सगळं माप चेसिसच्या मधल्या रेषेपासून घेतलं जातं, म्हणजे प्रत्येक ॲक्सल (दोन्हीकडची चाकं धरणारा आडवा दांडा) त्या रेषेशी काटकोनात बसलाय का ते कळतं, नुसतं पुढचं चाक नाही.

पहिलाच मोठा फायदा एका दहा चाकी ट्रकवर झाला. पुढचे नवे टायर दोनदा गेले होते, बाहेर एका ठिकाणी टोही दोनदा सेट करून आणला होता आणि सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तरीही उजवीकडे वळवूनच धरावं लागायचं. आम्ही लेझर लावला तर टो बरोबर! मग मागे गेलो. मागच्या दोन ॲक्सलमधलं अंतर डाव्या बाजूला उजव्यापेक्षा 9 मिमी कमी निघालं, वाकून बघितलं तर टॉर्क रॉडचं (ॲक्सलला जागेवर धरणाऱ्या दांड्याचं) एक रबरी बुश पूर्ण गेलेलं. 9 मिमी ऐकायला काहीच नाही, पण एका ॲक्सलच्या दोन्हीकडच्या हबमधलं (चाकांच्या मध्यांमधलं) अंतर साधारण 2 मीटर धरलं तर मीटरमागे साडेचार मिमी झाले, आणि मीटरमागे जेवढे मिमी तेवढेच किलोमीटरमागे मीटर, म्हणजे दर किलोमीटरला तो एक ॲक्सल साडेचार मीटर बाजूला जायला बघतोय आणि शेजारचा सरळ चाललाय. एकच मागचा ॲक्सल असता तर गाडी थोडी तिरकी चालली असती आणि स्टेअरिंग वाकडं राहिलं असतं, पण इथे दोन ॲक्सल एकमेकांशी झगडतात, गाडीला वळवायला बघतात, आणि तो जोर पुढचे टायर रस्त्यावर आडवे घासून अडवतात. मग टो कितीही वेळा सेट करा, टायर जाणारच. बुश बदललं, रीडिंग जागेवर आलं, स्टेअरिंग सरळ झालं, टोला आम्ही हातसुद्धा लावला नाही.

पण किट आणलं म्हणजे रोग कळला असं नाही हो. ढिल्या गाडीवर लेझर लावला तर जे रीडिंग येतं ते पुढच्या खड्ड्यापर्यंतच खरं. आम्ही आधी टायरची हवा बघतो, ॲक्सलला स्प्रिंगच्या पाट्यांशी बांधणारे यू-बोल्ट, पाट्यांचा सेंटर बोल्ट, पाट्या टांगणाऱ्या हँगरच्या पिना बघतो. मग इंजिन चालू ठेवून एकजण स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवतो आणि दुसरा खाली ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा), टाय रॉडचे जॉइंट, स्टेअरिंग बॉक्सचे माउंटिंग यांच्याकडे नजर लावून बसतो. ॲक्सल जॅकवर घेऊन टायरखाली पहार घालून उचलतो, प्ले (ढिलेपणा) दिसला तर ब्रेक दाबायला सांगतो: ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर हब बेअरिंग, राहिला तर किंगपिन. हे कुठलंच मशीन सांगत नाही.

आणि तळहात विसरू नका. पुढच्या टायरवरून आडवा हात फिरवा. बाहेरून आत जाताना गुळगुळीत आणि आतून बाहेर येताना धार लागली तर टो-इन (चाकं पुढून आत) जास्त, उलटं असेल तर टो-आउट (पुढून बाहेर). गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा, ओढ दुसऱ्या बाजूला गेली की दोष टायरचा.

एका ट्रॅक्टर-ट्रेलरवर मात्र किटने काहीच दाखवलं नाही. सगळे आकडे बरोबर, नुसता ट्रॅक्टर चालवला तर लोण्यासारखा, पण ट्रेलर जोडला की स्टेअरिंग जड, वळवलं की तिथेच राहायचं, सारखं सावरत बसावं लागायचं. शेवटी फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रॅक्टरवरची ज्या प्लेटवर ट्रेलर टेकून वळतो ती, कोरडं निघालं, ग्रीसचा थेंब नाही. प्लेट साफ करून ग्रीस लावलं आणि ड्रायव्हरचा त्रास संपला. तेव्हापासून ट्रेलरवाल्या गाडीत आम्ही पहिलं तिकडेच बघतो.

आता खटकणाऱ्या गोष्टी. रिमला गंज किंवा मातीचा थर असेल तर क्लॅम्प नीट बसत नाही, आधी घासून घ्यावं लागतं. प्रत्येक चाक उचलून फिरवून लेझरचा ठिपका हलत नाही ना बघून स्क्रूने जुळवावं लागतं, याला वेळ जातो आणि घाईत हेच टाळलं जातं, मग आकडे चुकतात. भर उन्हात ठिपका दिसत नाही, शेड लागतेच. सर्वात महत्त्वाचं म्हणजे चेसिसच वाकलेली असेल तर स्केल तिच्यावरच टांगलेली, म्हणजे मापच चुकणार, म्हणून ॲक्सिडेंटच्या गाडीत आधी टेपने चेसिसचे दोन्ही तिरके कर्ण मोजून सारखे आहेत का बघून घ्या. एअर सस्पेन्शनवाल्या (पाट्यांऐवजी हवेच्या फुग्यांवर बसलेल्या) गाडीत हाइट कंपनीने दिल्याप्रमाणे आहे का तेही आधी बघा.

एक-दोन गाड्या असतील तर विकत घेऊ नका, ज्याच्याकडे असं किट आहे आणि जो आधी गाडीखाली जातो त्याच्याकडे न्या. प्रिंट मागा, त्यात मागच्या ॲक्सलचं रीडिंग नसेल तर पुन्हा लावायला सांगा. आमच्यासारखा गाड्यांचा ताफा सांभाळणाऱ्यांनी मात्र जरूर घ्यावं. कंपनीकडे माझी एकच मागणी आहे, क्लॅम्पचे नखं लवकर झिजतात, त्याचा एक जादा सेट बॉक्समध्येच द्यावा.