काशासा मागवायची की व्हाइट रमवर भागवायचं? घरी कॉकटेल बनवणाऱ्या खान्देशकरांसाठी

कुणाचा भाऊ नाहीतर मित्र परदेशातून येतोय आणि फोनवर विचारतोय की ड्यूटी फ्रीतून काय आणू, तर त्याला काशासा (ब्राझीलची उसाच्या रसाची दारू) सांगावी की इथलीच व्हाइट रम घेऊन काम भागवावं, ह्या विचारात असलेल्यांसाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. लिंबू, साखर आणि बर्फ एवढंच घालून पिणार असाल तर काशासाच पाहिजे, पण केळं, नारळाचं दूध, मिल्कमेड असलं काही घालणार असाल तर व्हाइट रम घ्या, उगाच महागाची बाटली त्यात घालवू नका.

दोन्ही उसाच्याच मग फरक कसला, हे सगळेच विचारतात. फरक कच्च्या मालात आहे भो. बहुतेक रम मळीपासून होते, म्हणजे कारखान्यात साखर काढून घेतल्यावर जे काळं चिकट उरतं ना, त्यातून. काशासा होते ताज्या उसाच्या रसापासून, आणि रस काढल्यावर फार वेळ टिकत नाही म्हणून ब्राझीलमधे तिच्या बऱ्याच छोट्या डिस्टिलऱ्या उसाच्या शेतांना लागूनच असतात. तिथल्या कायद्याने तिच्यात ३८ ते ४८ टक्के अल्कोहोल लागतं. अमेरिकेत ती बरीच वर्षं ब्राझिलियन रम म्हणून विकली जायची, वेगळी दारू म्हणून मान्यता २०१३ मधे मिळाली. आणि हा फरक नुसता कागदावरचा नाही, बाटली उघडून वास घेतला की उन्हाळ्यात रसवंतीवर चरकाशेजारी उभं राहिल्यावर येतो तसा हिरवा ओला वास येतो, थोडा गवतासारखा, थोडा पिकल्या फळाचा. व्हाइट रममधे हे नाही, ती साफ असते, जरा गोडसर, कशातही मिसळून जाणारी.

आता मुख्य गोष्ट, कायपिरिन्या. ब्राझीलचं हे राष्ट्रीय कॉकटेल, आणि बारटेंडर लोकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं माप आहे ६० मिली काशासा, एक लिंबू, चार चमचे साखर. तिकडचं लिंबू मोठं आणि बिनबियांचं असतं, आपलं कागदी लिंबू छोटं, बियांनी भरलेलं आणि जास्त आंबट, म्हणून मी दीड-दोन लिंबं घेतो, साखर मात्र मला तीनच चमचे पुरते, तुम्ही चाखून ठरवा. लिंबाची दोन्ही टोकं उडवायची, उभं चिरायचं आणि मधली जी पांढरी शीर असते ती सुरीने काढून टाकायची, हे आळस न करता करा कारण कडवटपणा बराचसा तिथूनच येतो. बिया काढा, फोडी जाड बुडाच्या ग्लासात टाका, वर साखर, आणि खलबत्त्यातला बत्ता नीट धुवून (नाहीतर लसणाचा वास लागतो) त्याने हलकं चार-पाचदा दाबा. साल फाटेपर्यंत ठेचायचं नाही. साखर दाणेदारच घ्या, पाक नको, कारण दाणे सालीवर घासले जातात आणि सालीतलं तेल सुटतं, अर्धी मजा त्या तेलात आहे. मग ग्लास भरून बर्फ, वरून काशासा, चमच्याने एकदा खालून वर हलवलं की झालं.

हेच सगळं व्हाइट रम घालून केलं की त्याला कायपिरिसिमा म्हणतात आणि व्होडका घातली तर कायपिरोस्का. दोन ग्लास शेजारी ठेवून प्यालात तर पहिल्या घोटाला फार फरक वाटणार नाही, दोन्ही आंबट-गोड-गार. खरा फरक पंधरा मिनिटांनी कळतो, बर्फ वितळायला लागला की रमचा ग्लास दारू घातलेल्या लिंबू सरबतावर येतो आणि काशासाच्या ग्लासात तो उसाचा वास शेवटपर्यंत राहतो. आपल्याकडे भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, फ्रिजच्या ट्रेमधले खडे कितीसे टिकणार, त्यामुळे हा मुद्दा इथे तर जास्तच लागू पडतो. वाटीत पाणी घालून मोठा बर्फ जमवा, बराच फरक पडतो.

व्होडकाची बाजू एकच, तिला स्वतःची चव जवळपास नाही. जांभूळ किंवा डाळिंब घालून करायचं असेल आणि फळच पुढे यायला हवं असेल किंवा पाहुण्याला दारूचा वासच सहन होत नसेल तर व्होडका बरी.

केळ्याचं मात्र वेगळं आहे आणि रावेर-यावलची केळी घरात असताना ते करून बघितलंच पाहिजे. ब्राझीलमधे बतिदा नावाचा प्रकार असतो, काशासा, फळ आणि बऱ्याचदा कंडेन्स्ड मिल्क किंवा नारळाचं दूध, सगळं मिक्सरमधून. एक चांगलं पिकलेलं केळं, दोन चमचे मिल्कमेड, ६० मिली दारू, लिंबाचे चार थेंब आणि बर्फ. मी हे काशासा आणि रम दोन्ही घालून केलंय आणि मनापासून सांगतो, मिल्कमेडने काशासाचा सगळा वास दाबून टाकला, रमचं उलट जास्त जमलं. म्हणून इथे माझं मत पूर्णपणे रमला. हिवाळ्यात आलं, लवंग, दालचिनी, साखर घालून गरम करायचा केंताव (तिकडचंच गरम पेय) पण तसाच, मसाल्यापुढे कुठली बाटली होती ते कळत नाही. फक्त दारू घालताना गॅस बंद करून मगच घाला, वाफ पेट घेते.

भरीत पार्टीसाठी विचारत असाल तर कायपिरिन्याच. ब्राझीलमधे ती काळ्या घेवड्याच्या आणि डुकराच्या मांसाच्या जड रश्शाबरोबर पितात, फेज्वादा म्हणतात त्याला, आणि काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं तेल सुटलेलं भरीत, कळण्याची भाकरी, पातीचा कांदा ह्याच्याबरोबर तो आंबटपणा तोंड असं साफ करतो की पुढचा घास परत पहिल्यासारखा लागतो. शेवभाजीबरोबर मला नाही जमलं, तिखटावर अल्कोहोल जास्तच झोंबतं. शेतातून परत गाडी कोण चालवणार हे आधी ठरवा, आणि त्याने प्यायची नाही.

मागवायचीच ठरली तर कोणती? बिनरंगाची, लेबलवर प्राता किंवा ब्रांका लिहिलेली. लाकडी पिंपातली पिवळसर काशासा भारी असते, अंबुराना नावाच्या तिकडच्या लाकडात ठेवलेली तर दालचिनी-व्हॅनिलाकडे जाते, पण ती नुसती घोट घोट प्यायची किंवा गुळाचा पाक आणि बर्फाचा एक मोठा खडा घालून, लिंबात बुडवायची नाही. ओल्ड मंक आवडणाऱ्या माणसाला भेट द्यायची असेल तर मात्र पिवळीच सांगा.

जळगाव-धुळ्याच्या दुकानांत काशासा मला तरी दिसलेली नाही. बाहेरून येणाऱ्या मोठ्या माणसाला दोन लिटरपर्यंत दारू ड्यूटी फ्री आणता येते, पण नंदुरबार-नवापूरकडचे बरेच जण सुरतमार्गे येतात तिथे जपा, गुजरातमधे दारूबंदी आहे, बाटली मुंबईमार्गेच येऊ द्या. आपल्याकडे स्पिरिटसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परवाना लागतो, तो काढून ठेवा. आणि कुणी म्हणालं की उसाचीच पाहिजे ना, मग गावठी चालेल, तर साफ नाही म्हणा, हातभट्टीत मिथेनॉल असलं तर डोळे जातात, जीव जातो. काशासा नाहीच मिळाली तर गोव्याची काजू फेणी बघा, ऊस नाही पण स्वतःचा वास सोडत नाही ही सवय तिचीही आहे, तिच्यात लिंबू थोडं जास्त आणि साखर अर्धा चमचा कमी घाला.