ठाण्यातल्या प्रदर्शनातलं 'मिनरल' सनस्क्रीन ४,३२० रुपयांना पडलं

नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये भरलेल्या प्रदर्शनात मला बनावट सनस्क्रीन विकलं. दोन ट्यूब, २,१८० रुपये, यूपीआयने.

माझे गाल साध्या साबणानेही लाल होतात. डॉक्टरांनी झिंक ऑक्साइडवालं, म्हणजे 'मिनरल' प्रकारचं, बिनवासाचं घ्यायला सांगितलं होतं. विक्रेतीने नेमकं तेच ऐकवलं, "ताई, कोरियन आहे, शंभर टक्के मिनरल, एसपीएफ ५०." मनगटावर लावूनही दाखवलं. आता तोच क्षण आठवून संताप होतो. क्रीम पाण्यासारखं जिरलं! डॉक्टर नंतर म्हणाल्या, रंग न मिसळलेलं झिंक सहसा पांढुरकं दिसतं, सावळ्या त्वचेवर तर जास्तच. वर गुलाबाचा वास, आणि खोक्यावर 'फ्रॅग्रन्स फ्री'. पण शेजारीच अत्तराचा स्टॉल, अख्ख्या कोपऱ्यात घमघमाट. वास ट्यूबचा की अत्तराचा, कुणाला कळणार होतं?

दुसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या, गालांची नुसती आग. डॉक्टरांची फी ८००, औषधं १,३४०. ट्यूबच्या चपट्या टोकावरचा स्टिकर नखाने सोलला तर खाली दुसरीच तारीख, केव्हाच उलटून गेलेली. आयातदाराचं नाव-पत्ता नाही, नोंदणी क्रमांक नाही. आयात केलेल्या सौंदर्यप्रसाधनावर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. नसेल तर हात लावू नका, कितीही सवलत देऊ देत.

हॉलवाले म्हणाले, आम्ही फक्त जागा भाड्याने देतो. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. चौकीवर, "मॅडम, क्रीमसाठी कुठे तक्रार करता?" चेहरा समोर सुजलेला दिसत होता त्यांना! सरकारी कार्यालयात एका टेबलावरून दुसऱ्यावर, मग साहेब जेवायला, मग "विक्रेत्याचा पत्ता आणा." पत्ता असता तर मीच तिच्या दारात उभी राहिले नसते? शेवटी उत्तर मिळालं की उघडलेली ट्यूब तपासणीला चालत नाही, सीलबंद हवी. मी तर दोन्ही उघडल्या होत्या, एक माझी, एक लेकीची.

छापील बिल मागा, नाही म्हणाले तर तिथूनच मागे फिरा. नवं सनस्क्रीन आधी कानामागे लावा, दोन दिवस थांबा, मग चेहऱ्यावर. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

त्याच प्रदर्शनातून कुणी ट्यूब घेतली असेल आणि अजून उघडली नसेल, तर फेकू नका. मला कळवा, तक्रारीला तीच लागणार आहे.